रोंगोरोंगोच्या फळ्यांवर पंचांग खरोखर कुठे आहे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावरच्या, म्हणजे रापा नुईच्या, रोंगोरोंगो फळ्यांची (या लाकडी फळ्यांवर अजून कुणाला न वाचता आलेली लिपी कोरलेली आहे) चित्रे पाहताना तुम्हाला जागोजाग चंद्रकोरी, किरणांची वर्तुळे, चांदणीसारखे आकार दिसले. एका ओळीत तुम्ही 29 चिन्हांचा गट मोजलात. त्यावरून ही सगळी लिपी म्हणजे आकाशनिरीक्षणाची वही असावी असे तुम्हाला वाटते. शिवाय सिंधू लिपीशी तिचे नाते असेल का, हेही तुम्ही विचारता.

आधी उत्तर सांगतो, कारणे नंतर. रोंगोरोंगोच्या उपलब्ध मजकुरात कालगणना म्हणून ज्याच्याकडे अभ्यासक विश्वासाने बोट दाखवतात, असा एकच उतारा आहे. तो मामारी नावाच्या फळीवर आहे आणि चंद्राच्या रात्रींबद्दल आहे. बाकी सूर्य, तारे, ग्रहणे, धूमकेतू, राशी यांचे जे अर्थ लावले जातात, त्यातला एकही या उताऱ्याच्या पंगतीला बसत नाही. मी पंचांगगणित आणि जुन्या कालगणना यांत काम करतो. मला हा एक उतारा इतका मोलाचा वाटतो की त्याच्या शेजारी कच्चे अर्थ मांडले जाताना पाहून मनापासून वाईट वाटते. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

फळ्यांची हकिगत आधी, कारण तिच्यावरच सगळे अवलंबून आहे. 1864 मध्ये यूजेन एरो हा फ्रेंच धर्मसेवक बेटावर आला आणि त्याने त्याच वर्षाच्या डिसेंबरच्या पत्रात लिहिले की घराघरांत चिन्हे कोरलेल्या लाकडी फळ्या आणि काठ्या आहेत. त्याच्या आधी दोनच वर्षे, 1862-63 मध्ये, पेरूहून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी बेटावरून सुमारे 1,500 माणसे पळवून नेली होती. त्यांत सरदार घराण्यातले आणि फळ्या वाचून गाणारे जाणकारही गेले. परत आलेल्या थोड्यांबरोबर देवीची साथ आली. 1877 मध्ये बेटावर 111 माणसे उरली होती. फळ्या हाती होत्या, वाचणारे गेले होते. आज जगभरच्या संग्रहांत मिळून दोन डझनांच्या आसपास वस्तू आहेत, त्यांवर साधारण 15,000 चिन्हे आहेत, आणि बेटावर मूळ फळी एकही नाही. एक फळी, केइती, 1914 मध्ये बेल्जियममधल्या लूव्हाँच्या ग्रंथालयाबरोबर जळाली. तिचा मजकूर छायाचित्रांमुळे टिकला.

ताहितीचे बिशप जॉसेन यांना 1868 मध्ये केसांच्या दोरीत गुंडाळलेली एक फळी भेट आली आणि त्यांनी अशा आणखी फळ्या मिळवायला सांगितले. ताहितीतल्या मळ्यावर मेतोरो नावाचा एक रापानुई मजूर होता. त्याला फळ्या वाचता येतात असे कळल्यावर बिशपांनी त्याला बोलावून चार फळ्या गाऊन घेतल्या. त्यांत मामारीही होती. मेतोरोने काय केले, तर चिन्ह दिसेल तसे त्याचे वर्णन गायले: माणूस, पक्षी, मासा, आणि चंद्रकोर दिसली की ‘मारामा’, म्हणजे चंद्र. मेतोरोच्या गाण्याच्या बिशपांनी करून ठेवलेल्या नोंदींवरून लोक आजही शब्दकोश बनवतात. पण मामारीवरचा चंद्रमासाचा उतारा त्याने उलट्या दिशेने वाचला, आणि त्यातले पौर्णिमेचे चिन्हही त्याला ओळखू आले नाही, हे जाक गी यांनी दाखवून दिले. आकार बघून अर्थ सांगणे म्हणजे वाचन नव्हे, याचा याहून चांगला पुरावा नाही. मेतोरो त्या बेटाचा, त्या भाषेचा माणूस होता. तरी नुसत्या आकाराने त्याची फसगत झाली. मग आपण दीडशे वर्षांनी मुंबई-पुण्यात बसून आकारांवरून काय सांगणार?

आता मामारी. ही फळी रोममध्ये, सेक्रेड हार्ट्स या मिशनरी संघाच्या मुख्यालयात आहे. लांबी 29 सेंटिमीटर, रुंदी 19.5, जाडी अडीच सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना 14-14 ओळी, एकूण हजाराच्या आसपास चिन्हे. लाकूड ज्या झाडाचे आहे ते आपल्या कोकणातही आहे: किनाऱ्यालगत वाढणारे, पिवळ्या फुलांचे पारोसा पिंपळ किंवा भेंड. चिन्हे सेंटिमीटरभर उंचीची, खोल खोदलेली नाहीत, नखाने ओढल्यासारखी बारीक रेघ आहे. वाचायची रीत अशी: खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करायचे, ओळ संपली की फळी पूर्ण उलटी फिरवायची, आणि वरची ओळ पुन्हा डावीकडून उजवीकडे वाचायची. म्हणजे फळी स्थिर ठेवून बघितली तर एकाआड एक ओळ डोक्यावर उभी दिसते. इंटरनेटवरच्या चित्रात ‘उलटी चंद्रकोर’ दिसली, की तिचा अर्थ लावण्याआधी एवढे बघा की ती ओळच उलटी नाही ना. या एका तपासणीत कितीतरी कल्पना गळून पडतात.

1958 मध्ये जर्मन अभ्यासक थॉमस बार्थेल यांनी सगळ्या फळ्यांची एकत्र नोंद प्रसिद्ध केली. फळ्यांना ए, बी, सी अशी अक्षरे आणि चिन्हांना आकडे त्यांनीच दिले, आजही तेच वापरतात. मामारी म्हणजे त्यांची सी फळी. तिच्या एका बाजूच्या सहाव्या ओळीपासून नवव्या ओळीपर्यंत चंद्रकोरींची जी दाटी आहे ती चांद्रमासाची यादी आहे, हे बार्थेल यांनी ओळखले. 1990 मध्ये जाक गी या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने त्या उताऱ्याची रचना बारकाईने उलगडली.

ती रचना जवळून पाहू, कारण सगळे बळ तिच्यातच आहे. उताऱ्यात चिन्हांचा एक ठरावीक छोटा गट पुन्हा पुन्हा येतो, आठ वेळा. प्रत्येक वेळी तो गट आला की त्यामागे काही चंद्रकोरी आणि इतर चिन्हे येतात, मग पुन्हा तोच गट. म्हणजे हा गट मथळ्याचे काम करतो. या गटात दोरीला लटकलेला मासा आहे. उताऱ्याच्या पहिल्या भागात माशाचे तोंड वर आहे, दुसऱ्या भागात खाली. आणि जिथे मासा फिरतो त्या मध्यावर एक वेगळेच, बाकी कुठल्याही चंद्रकोरीसारखे नसलेले चिन्ह बसवले आहे: गोलाकारात बसलेली आकृती. ते पौर्णिमेचे. पॉलिनेशियात, म्हणजे रापा नुई ज्यात येते त्या पॅसिफिकमधल्या बेटांच्या समूहात, चंद्रावरच्या डागांत चूल पेटवणारी म्हातारी दिसते, आपल्याला ससा किंवा हरिण दिसते तशी. रापा नुईवरही आकाशात भट्टी पेटवणारी म्हातारी सांगतात. वाढता चंद्र, पौर्णिमा, घटता चंद्र हा क्रम इथे चिन्हांच्या मांडणीतच दिसतो. तो दिसायला कुठल्या चिन्हाचा उच्चार माहीत असावा लागत नाही.

एवढ्यावरही मी समाधानी झालो नसतो. खरी गोष्ट पुढे आहे. या फळीशी काहीही संबंध नसताना, बेटावरच्या माणसांच्या तोंडून महिन्याच्या रात्रींची नावे तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहून घेतली होती: 1886 मध्ये अमेरिकी जहाजावरून आलेले विल्यम थॉमसन, 1934-35 मध्ये आल्फ्रेड मेत्रो, आणि नंतर बेटावर राहिलेले कॅपुचिन धर्मगुरू सेबास्टियन एंगलर्ट. या याद्या जुळवून पाहिल्या की महिना असा दिसतो: सुरुवातीच्या आता, आरी या रात्री, मग सहा रात्री ज्यांना स्वतःचे नाव नाही, त्या नुसत्या ‘कोकोरे एक, कोकोरे दोन’ अशा मोजल्या जातात, मग माहारू, हुआ, आतुआ अशा नावाच्या रात्री आणि पौर्णिमेची ओमोतोही, पौर्णिमेनंतर पुन्हा कोकोरे, या वेळी पाच, आणि मग शेवटापर्यंत नावाच्या रात्री, ज्यांत रोंगो, माउरी, मुतू आहेत. ठरलेल्या रात्री 28. त्याखेरीज होतू आणि हिरो या दोन रात्री कधी घ्यायच्या, कधी सोडायच्या.

हा साचा मामारीच्या उताऱ्यावर ठेवला की बसतो. बिननावाच्या, मोजायच्या रात्रींच्या जागी साध्या चंद्रकोरींच्या सलग रांगा आहेत आणि पौर्णिमा मध्यावर आहे. यादी फळीवरून केलेली नाही, फळीवरची रचना यादी न बघताही दिसते, आणि दोन्ही एकमेकींशी जुळतात. स्वतंत्र पुरावा म्हणतात तो हाच.

या याद्यांवरही शंका घेता येईल, की 1886 साली म्हाताऱ्यांनी थॉमसनला काहीतरी सांगून वाटेला लावले असेल. तसे झालेले नाही, हे हवाईच्या याद्यांवरून कळते. हवाईत हुआ, अकुआ, होकू या रात्री त्याच क्रमाने पौर्णिमेपाशी येतात. रापा नुईवर हुआ, आतुआ, होतू. तिकडे लोनो, माउली, मुकू महिन्याच्या शेवटी. इकडे रोंगो, माउरी, मुतू शेवटी. हवाई भाषेत जुन्या ‘त’चा ‘क’ आणि ‘र’चा ‘ल’ होतो, तो बदल इथे नियमाने दिसतो. बिननावाच्या मोजायच्या रात्रीही हवाईत आहेत, त्यांना ‘ओले’ म्हणतात. सात हजार किलोमीटरच्या समुद्राने तोडलेल्या दोन बेटांनी ही यादी एकाच पूर्वजाकडून आणली. ती फार जुनी आहे, हे त्यातून सिद्ध होते.

होतू आणि हिरोबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण पंचांग बघणाऱ्या मराठी माणसाला हा भाग चटकन कळेल. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी 29.53 दिवस लागतात. प्रत्यक्षात हा काळ 29 दिवस 6-7 तासांपासून 29 दिवस 20 तासांपर्यंत हलतो. 28 ठरलेल्या रात्री घेतल्या तर कधी एक, कधी दोन रात्री जास्त लागतात. हे हलणे होते कारण चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीजवळ तो भरभर चालतो, लांब गेला की रेंगाळतो. याच कारणाने आपली तिथी कधी 20 तासांची, कधी जवळपास 27 तासांची होते, एखादी क्षय पावते, एखादीची वृद्धी होते. ‘बाणवृद्धी रसक्षय’ (तिथी साठ घटिकांहून जास्तीत जास्त पाच घटिका वाढते, सहा घटते) की ‘सप्तवृद्धी दशक्षय’ (सात वाढते, दहा घटते) यावर आपल्या पंचांगकर्त्यांचे जे वाद झाले, त्याच्या मुळाशी चंद्राची हीच चाल आहे.

अमावास्या ते पौर्णिमा हा काळही असाच सुमारे 14 ते साडेपंधरा दिवस असा बदलतो. होतू ही जास्तीची रात्र पौर्णिमेच्या अलीकडे आहे, हिरो महिन्याच्या शेवटी. म्हणजे शुक्ल पक्ष लांबला तर होतू घ्यायची. पण तो लांबणार आहे हे आधी कसे कळणार? गी यांचे म्हणणे असे की हा उतारा नुसती यादी नाही, ती जास्तीची रात्र केव्हा घालायची याची सूचनाही त्यात आहे, आणि ती सूचना चंद्राच्या दिसणाऱ्या आकाराच्या निरीक्षणावर बेतलेली आहे. जवळचा आणि लांबचा चंद्र यांच्या दिसणाऱ्या व्यासात जास्तीत जास्त 14 टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. सरावलेल्या डोळ्याला, रोज एकाच जागेवरून पाहिले तर, तो कळू शकतो. चंद्र लहान दिसतो तेव्हा तो सावकाश चालतो, पक्ष लांबतो. गणिताच्या बाजूने यात काहीही अशक्य नाही. माझे स्वतःचे मत: यादीचा भाग मला निर्विवाद वाटतो, आकाराच्या सूचनेचा भाग पटण्याजोगा वाटतो. या दोन्हींना सारखेच वजन देऊ नये.

आता तुमच्या 29 चिन्हांकडे येतो. पहिली अडचण मोजण्याची आहे. रोंगोरोंगोत चिन्हे एकमेकांना जोडून येतात: माणसाच्या हातात दुसरे चिन्ह, पक्ष्याच्या चोचीला तिसरे. त्याला एक मोजायचे की दोन? बार्थेल यांच्या यादीत सुमारे 600 आकडे आहेत. कॉन्स्टान्टिन आणि इगोर पोझ्द्न्याकोव्ह यांनी 2007 मध्ये जोडचिन्हे फोडून आणि एकाच चिन्हाची वळणे एकत्र करून दाखवले की 52 चिन्हांत जवळजवळ सगळा मजकूर बसतो. तुम्ही कोणत्या पद्धतीने मोजलेत त्यावर तुमचे 29 हे 24 किंवा 36 होऊ शकतात.

दुसरी अडचण मोठी आहे आणि ती तुम्ही स्वतः घरी तपासू शकता. आकाशाशी जोडता येणारे आकडे कागदावर लिहा. सात, चतकोर महिन्याचा. आठ, कारण शुक्राचे चक्र आठ वर्षांनी जुळते. बारा आणि तेरा महिन्यांचे, चौदा-पंधरा पंधरवड्याचे, एकोणीस चंद्र-सूर्याचा मेळ बसण्याच्या वर्षांचे, सत्तावीस-अठ्ठावीस नक्षत्रांचे, एकोणतीस-तीस महिन्याचे. एक ते तीसमधले हे अकरा आकडे झाले. आता मोजण्यात एकाची चूक होऊ शकते अशी सवलत द्या, जी सगळेच घेतात. लगेच तीसपैकी अठरा आकडे ‘खगोलीय’ होतात. म्हणजे डोळे मिटून फळीवर कुठलाही गट निवडला तरी तो काहीतरी अर्थाचा निघण्याची शक्यता न निघण्यापेक्षा जास्त. अशा परिस्थितीत आकडा जुळला म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही. मामारीत आकडा एकटा आलेला नाही. त्याच्याबरोबर क्रम आहे, परत परत येणारा मथळा आहे, मध्यावरची पालट आहे, आणि बाहेरून आलेली यादी आहे. तुमच्या 29 बरोबर यातले काय आहे, ते मला कळवा.

चंद्रकोरीचेही तसेच. मामारीबाहेर, इतर फळ्यांवर, चंद्रकोरीचे चिन्ह पुष्कळ ठिकाणी येते आणि तिथे मामारीसारखी मासाची पूर्ण रचना दिसत नाही. लिपीत चिन्ह आवाजासाठी वापरले गेले असेल, तर त्याचा आकाशाशी काही संबंध उरत नाही. शिवाय त्या बेटावर चंद्रकोरीच्या आकाराची दुसरी एक फार मानाची वस्तू होती: रेइमिरो, सरदारांनी गळ्यात घालायचे लाकडी पदक, दोन्ही टोकांना बहुधा माणसाचे तोंड कोरलेले. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या दोन रेइमिरोंवर रोंगोरोंगोची चिन्हेच कोरलेली आहेत. कोर दिसली की चंद्र म्हणायच्या आधी ही शक्यता निकालात काढावी लागते.

आणखी एक चूक महाराष्ट्रातल्या वाचकाकडून हमखास होते, म्हणून मुद्दाम सांगतो. रापा नुई विषुववृत्ताच्या दक्षिणेला 27 अंशांवर आहे. आपण शुक्ल अष्टमीचा चंद्र बहुतेक वेळा दक्षिणेकडे तोंड करून पाहतो, पश्चिम उजव्या हाताला असते, म्हणून उजेडाची बाजू उजवीकडे दिसते. तिथला माणूस उत्तरेकडे तोंड करून पाहतो, त्याची पश्चिम डावीकडे असते, म्हणून वाढत्या चंद्राची उजेडाची बाजू त्याला डावीकडे दिसते. ‘ही कोर उजवीकडे फुगली आहे, म्हणजे शुक्ल पक्ष’ असे आपल्या सवयीने वाचले की अख्खा महिना उलटा होतो. ऋतूंचेही तसेच: तिथला हिवाळा जून-जुलैमध्ये. युरोपातल्या नकाशावरून तारे जुळवणाऱ्यांनी या दोन गोष्टी कित्येकदा विसरलेल्या मी पाहिल्या आहेत.

याचा अर्थ रापा नुईच्या लोकांना तारे माहीत नव्हते असा कुणी काढू नये. हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून होडीतून तिथे पोचलेली ती माणसे होती. कृत्तिकांना ते मातारिकी म्हणतात, मृगातल्या सरळ रेषेतल्या तीन ताऱ्यांना ताउतोरू. 1914-15 मध्ये बेटावर राहिलेल्या कॅथरिन रूटलेज यांना पोइके या भागात तारे बघण्याचा खडक दाखवण्यात आला, ‘पापा उई हेतू’उ’ नावाचा. आहू हुरी अ उरेंगा हा मोआईचा, म्हणजे बेटावरच्या दगडी पुतळ्याचा, ओटा जूनमधल्या अयनाच्या सूर्योदयाच्या दिशेने आहे, असे विल्यम मलॉय यांनी मांडले. नंतर 2004 मध्ये एडमुंडो एडवर्ड्स आणि हुआन आंतोनिओ बेलमोंते यांनी ओट्यांच्या दिशा पुन्हा तपासून असे सुचवले की सूर्यापेक्षा मातारिकी आणि ताउतोरू यांच्याशी त्या दिशांचे नाते जास्त असावे. हा वाद दिशांचा आहे, मोजता येण्याजोगा आहे, आणि तो फळ्यांशिवाय चालतो. तारे माहीत होते हे एक, ते फळ्यांवर लिहिले आहेत हे दुसरे. पहिल्याचा पुरावा भरपूर आहे. दुसऱ्याचा कुणी अजून मामारीच्या तोडीने दिलेला नाही.

फळ्यांवर इतर काय असू शकते याची कल्पना यावी म्हणून दोन कामे सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास लेनिनग्राडमधल्या बोरिस कुद्र्यावत्सेव्ह या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की तिथल्या दोन फळ्या आणि चिलीतल्या सांतियागोतली एक मोठी फळी यांच्यावर एकच मजकूर आहे, थोड्या फरकांनी. म्हणजे हे ग्रंथ नकलून घेतले जात होते, आणि नकलांतल्या फरकांवरून कुठली चिन्हे एकमेकांच्या जागी चालतात ते कळते. 1950 च्या दशकात बुतिनोव्ह आणि क्नोरोझोव्ह यांनी सांतियागोच्या लहान फळीवर वंशावळीसारखी रचना दाखवली: एक चिन्हगट, मग पुढचा, ज्यात आधीचा नाव म्हणून पुन्हा येतो, अशी साखळी. तिथेही त्यांनी चिन्हाचा आकार काय दिसतो यावरून सुरुवात केली नाही, मांडणीवरून केली. क्नोरोझोव्ह म्हणजे माया लिपीचा गुंता सोडवणारे तेच. मामारीच्या उताऱ्यानंतर मी ज्याला दुसरा क्रमांक देईन ते हे काम. वंशावळ, स्तोत्रे, मंत्र, याद्या असे सगळे या फळ्यांवर असणार. संपूर्ण लिपी पंचांगाचीच असती, तर नावाच्या रात्री आणि मथळ्यांची ती रचना इतर फळ्यांवरही ढळढळीत दिसली असती.

सिंधू लिपीचे उत्तर छोटे आहे. 1932 मध्ये गियोम द हेवेशी यांनी मोहेंजोदडोच्या मुद्रांवरची आणि रोंगोरोंगोची चिन्हे शेजारी मांडून साम्य दाखवले आणि तेव्हा त्याची फार चर्चा झाली. आपल्याकडे ती चित्रे अजून फिरतात. सिंधू लिपी इसवी सनापूर्वी 1900 च्या सुमारास वापरातून गेली. रापा नुईवर वस्ती झाली ती इसवी सन 1200 च्या आसपास. मधली तीन हजार वर्षे आणि दोन महासागर यांत या चिन्हांचा एकही दुवा नाही. माणूस, मासा, कोर, फांदी असे साधे आकार शेकडोंनी असतील तर काही जुळणारच. शिवाय दोन्ही न वाचलेल्या लिप्या. एका अज्ञाताने दुसरे अज्ञात कसे उलगडणार?

फळ्यांचे वयही तुमच्या मनात असेल. रोममधल्या चार फळ्यांचे कार्बन-मापन 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतल्या तीन अलीकडच्या निघाल्या, एकीचे लाकूड मात्र 15 व्या शतकातले आहे, म्हणजे 1722 मध्ये पहिले युरोपीय जहाज येण्याच्या कितीतरी आधीचे. लिपी बेटावरच जन्मली असावी याला त्याने बळ मिळाले. झाड केव्हा तोडले ते यातून कळते, चिन्हे केव्हा कोरली ते नाही. जुने लाकूड नंतरही वापरता येते. ताहुआ ही फळी तर युरोपीय अ‍ॅश लाकडाच्या वल्ह्यावर कोरलेली आहे, म्हणजे जहाजे यायला लागल्यानंतरची.

तुम्हाला पुढे काम करायचे असेल तर करा, आणि मनापासून करा. या विषयाला भारतीय पंचांगाची जाण असलेली माणसे हवी आहेत. क्षय, वृद्धी, अधिक यांची सवय असलेला डोळा होतू-हिरोसारखी गोष्ट युरोपीय अभ्यासकापेक्षा लवकर पकडतो. पण सुरुवात 29 पासून करू नका. मामारीच्या त्या ओळींची रेखाटने घ्या. बार्थेल यांची आणि अलीकडे पॉल हॉर्ली यांनी छायाचित्रांवरून केलेली, दोन्ही समोर ठेवा, कारण जुन्या रेखाटनांत काही चिन्हे चुकलेली आहेत. रात्रींच्या नावांच्या तिन्ही याद्या एका कागदावर उभ्या लिहा, शेजारी हवाई, ताहिती आणि माओरी याद्या. मग उताऱ्यातले मथळ्याचे आठ गट स्वतः शोधून त्यांवर खूण करा आणि मधल्या कोरी मोजा. हॉर्ली यांनी 2011 मध्ये चांद्रमासाच्या खुणा इतर फळ्यांवर आणि बेटावरच्या शिळाचित्रांतही शोधल्या आहेत. तुमचा 29 चा गट त्या कामाशेजारी ठेवून पाहा. त्या गटात मथळ्यासारखे परत येणारे चिन्ह असेल, साधारण मध्यावर काही पालटत असेल, किंवा कोकोरेच्या सहा-पाच अशा रांगांसारखे काही दिसत असेल, तर फळीचे अक्षर, बाजू आणि ओळ लिहून मला पाठवा. मी तो गट ओळीच्या छायाचित्रावर स्वतः मोजून उत्तर देईन.